हेमलता साऊंड सर्व्हिस

"पाय मागं घ्या मामा," हवालदार खिलारे कठड्यावर बसल्या बसल्या म्हणाले. "अंगठा हद्दीत आला."

आप्पांनी खाली बघितलं. पुलाच्या मधोमध बांधकाम खात्याचा चुना लावलेला दगड होता. त्याच्या एका अंगाला आमच्या जिल्ह्याचं नाव होतं आणि दुसऱ्या अंगाला पलीकडच्या. आप्पांच्या चपलेतून बाहेर आलेला अंगठा आमच्या बाजूला आला होता. त्यांनी पाय मागं घेतला आणि हात पुढं केला.

"आणि हाताचं काय?"

"हाताचं काय न्हाई. आदेशात पाऊल ठेवायचं न्हाई म्हटलंय."

"मग वाढ गं," आप्पा आईला म्हणाले. "सरकारनं हात मोकळा सोडलाय."

आईनं दगडावर ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, दही, एका कोपऱ्यात ठेचा. ती दगडाच्या अलीकडं घोंगडीची घडी टाकून बसली, आप्पा पलीकडं उकिडवे. दर रविवारी हे असंच चालायचं. येणारीजाणारी माणसं आता थांबून बघतसुद्धा नसत. सायकलवाले घंटी वाजवून बाजूनं निघून जायचे.

"बायको एका जिल्ह्यात, नवरा दुसऱ्या," आई म्हणाली. "भांडायचं म्हटलं तरी आवाज चढवावा लागतोय."

"आवाज चढवायचा तर आपला धंदाच हाय." आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडून खिलाऱ्यांपुढं धरला. "घ्या हवालदार. तुमी आमच्या जिल्ह्यातलं, भाकरीबी तिथलीच. गुन्हा व्हत न्हाई."

खिलाऱ्यांनी इकडंतिकडं बघून तुकडा घेतला. त्यांच्या बहिणीच्या लग्नात आप्पांनीच स्पीकर लावला होता.

आप्पांनी मला विचारलं, "पुस्तक आणलंस?"

मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेलं पुस्तक दिलं. पलीकडच्या शेरेवाडीत, चुलतभावाच्या पिठाच्या गिरणीत, आप्पा राहायचे. दिवसा लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे आणि रिकाम्या वेळात वाचायचे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस त्या वर्षात माझ्यापेक्षा जास्त वाचून बसला होता. त्यांनी पुस्तक उघडलं, डोळ्यांपासून लांब धरलं.

"लई बारीक अक्षर हाय, हेमे. फुडच्या रविवारी मोठ्या अक्षराचं आण."

"पुढच्या रविवारी तुम्ही घरीच असाल," मी म्हणाले. आयुक्तांकडं केलेल्या अपिलाची तारीख त्याच आठवड्यात होती.

"मग दोन आण," आप्पा म्हणाले.

निघताना नेहमीचं झालं. आम्ही आमच्या टोकाला पोचलो, तेव्हा पलीकडच्या टोकाला थांबून आप्पांनी तोंडाशी दोन्ही तळव्यांचा कर्णा केला आणि हाक दिली.

"मागं ऐकू येतंय का?"

मी वळून हात वर केला.

लहानपणापासून माझं काम ते होतं. लग्न असो, गणपती असो, कुणाची प्रचारसभा असो, आप्पा माईक जोडून झाला की मला शेवटच्या रांगेच्याही मागं उभं करायचे. ते माईकमध्ये विचारायचे आणि मी हात वर करायची. एक-दोन-तीन म्हणणाऱ्या स्पीकरवाल्यांना ते हसायचे. "आकडे मोजून काय कळतंय? मागच्याला ऐकू आलं तर सभा, न्हाईतर नुसती गर्दी." दोन्ही कर्ण्यांवर पिवळ्या रंगात लिहिलेलं असायचं: हेमलता साऊंड सर्व्हिस. गावातल्या प्रत्येक लग्नात माझं नाव दोन झाडांवर टांगलेलं असायचं.

आप्पांचा धंद्यातला एकच नियम होता. बोलणाऱ्याचा माईक मध्येच बंद करायचा नाही. एका लग्नात नवऱ्यामुलाचे मामा आशीर्वादाला उभे राहिले आणि बसायचं नाव घेईनात. पंगत खोळंबली, भात गार झाला. नवऱ्यामुलाचा बाप आप्पांच्या कानाशी येऊन हात जोडायला लागला. आप्पा म्हणाले, "पावणं, माईक मी लावलाय. तोंड मी लावल्यालं न्हाई." सगळ्या पक्षांच्या सभांना त्यांचेच कर्णे असायचे. एकाच दिवशी सकाळी एका उमेदवाराची सभा आणि संध्याकाळी दुसऱ्याची, आणि दोघांच्याही वेळी मी मागं उभी.

त्या नियमानंच आम्हाला पुलावर आणलं होतं.

गावाचं गायरान सरकारला गोदामांसाठी हवं होतं. बाजारतळावर सभा बोलावली होती. परवानगी रीतसर काढलेली होती. सभा अर्ध्यावर आली असताना परवानगी रद्द झाली आणि ते सांगायला प्रांतसाहेब स्वतः जीपमधून आले. वाघोलीकर त्यांचं नाव. चाळिशीतले, पांढरा शर्ट, आवाज कधी न चढवणारे. त्या वेळी माईकसमोर गोदाक्का उभी होती. गोदाक्का शेळ्या राखायची. तिनं आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला होता आणि तो ती दोन्ही हातांनी, केरसुणी धरावी तसा धरून होती.

"सायेब, त्या रानात माझ्या सासूच्या शेळ्या चरल्या, माझ्याबी चरल्या," ती म्हणत होती. "आता म्हंत्यात ते सरकारचं हाय. आसंल. पन सरकार मंजी कोन? मी न्हाई व्हय त्यात?"

लोक हसले, मग टाळ्या पडल्या. प्रांतसाहेब आप्पांच्या टेबलाशी आले. मी मागून बघत होते. आप्पा त्यांच्या ॲम्प्लिफायरला टेकून उभे होते. साहेबांनी बोटानं खूण केली.

"बंद कर ते."

"बाई बोलतायत साहेब," आप्पा म्हणाले. "झालं की करतो."

"मी आत्ता सांगतोय."

"व्हय. पन बाई बोलतायत."

हे सगळं आप्पांच्या टेबलावरच्या दुसऱ्या माईकमधून साऱ्या बाजारतळानं ऐकलं. तो चालूच राहिला होता. आप्पांनी मुद्दाम ठेवला नव्हता, विसरले होते. पण 'बाई बोलतायत' हे दोन्ही कर्ण्यांतून गेलं आणि बाजारतळ उठून उभा राहिला. गोदाक्का घाबरून थांबली. आप्पा तिला म्हणाले, "बोल गं आक्का, तुझंच चाललंय." ती पुढं बोलली. पूर्ण बोलली. मगच आप्पांनी बटण फिरवलं.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. निवृत्ती पिसाळ हा इसम धोकादायक असून त्याच्यापासून जीवितास आणि मालमत्तेस भय आहे. त्याच्या दहशतीमुळे त्याच्याविरुद्ध उघडपणे साक्ष देण्यास कोणी पुढे येत नाही. म्हणजे कुणी तक्रार केली नाही, हाच दहशतीचा पुरावा. परंतु दोन साक्षीदारांनी नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर जबाब दिले आहेत. साक्षीदार अ. साक्षीदार ब.

साक्षीदार अ यांचं म्हणणं होतं: मी सदर इसमाच्या घराला लागून राहतो. तो रात्री-अपरात्री दारूच्या नशेत स्पीकर लावतो, जाब विचारल्यास जिवे मारण्याची धमकी देतो.

आप्पा चहासुद्धा बशीतून गार करून प्यायचे. दारूचं दुकान गावात कुठल्या गल्लीत आहे हे त्यांना विचारलं असतं, तर दुसऱ्याला विचारून सांगावं लागलं असतं.

आईनं ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. घराला लागून. आमच्या घराच्या एका बाजूला रस्ता होता. दुसऱ्या बाजूला रखमाकाकूंचं घर होतं आणि मधली भिंत दोघींत एकच, छपरापर्यंत न पोचलेली. त्या भिंतीवरून माझ्या जन्माच्या आधीपासून आमटीच्या वाट्या इकडून तिकडं जात होत्या.

"अहो, ही रखमा हाय," आई म्हणाली. "वळखू नये म्हनून 'राहतो' लिवलंय."

"न्हाई."

"मग दुसरं कोन राहतंय लागून? भिंत बोलली?"

"शोधायचं न्हाई," आप्पा म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते आईशी कधी बोलले नव्हते. "कोन अ, कोन ब, ह्या घरात शोधायचं न्हाई. एकदा शोधाय लागलो की त्यांचं काम आपनच पुरं केलं."

आईनं ऐकलं नाही. त्या दिवसापासून भिंतीवरची वाटी बंद झाली.

चौकशी प्रांत कार्यालयात झाली. नोटीस काढणारे वाघोलीकर. ऐकून घेणारे वाघोलीकर. निकाल देणारे वाघोलीकर. टेबल तेच, खुर्ची तीच. निकाल वाचताना त्यांनी फक्त चष्मा बदलला. आप्पांनी विचारलं, "साहेब, त्या दोघांना माझ्यासमोर बोलवा. मी त्यांना काई म्हननार न्हाई, नुसतं ऐकतो."

"त्यांची नावं उघड करता येत नाहीत. त्यांच्या जिवाला तुमच्यापासून धोका आहे."

"मग मी कुनाला उत्तर देऊ?"

"मला," साहेब म्हणाले.

दोन वर्षं जिल्ह्याबाहेर. त्याच संध्याकाळी पोलिसांनी आप्पांना पुलावर नेऊन सोडलं. कर्णे जप्त झाले. कोर्टाची पायरी चढण्याआधीच, कुठलाही गुन्हा शाबीत न होता, एक माणूस स्वतःच्या घरातून उचलून नदीपलीकडं ठेवता येतो, हे मी तेव्हा शिकले. मी राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करत होते. आमच्या पुस्तकात सत्तेचं विभाजन या नावाचं एक प्रकरण होतं. त्याचा मी चांगला अभ्यास केला होता.

त्या रविवारी मी पुलावर हात वर केला आणि सोमवारी सकाळी दुधाच्या गाडीवाल्यानं निरोप आणला. पहाटे गिरणीत आप्पांच्या छातीत कळ आली. जगूकाकांनी, त्यांच्या चुलतभावानं, त्यांना टेम्पोत घातलं. जवळचा दवाखाना आमच्या गावातला, पूल ओलांडला की लगेच. आप्पा म्हणाले, "पुलावरनं नको. तुला तरास हुईल." म्हणून जगूकाका उलट्या दिशेला, लांबच्या दवाखान्याकडं निघाले. आप्पा वाटेतच गेले.

हे जगूकाकांनी आम्हाला रडत, डोकं आपटत सांगितलं. "म्या ऐकलं त्याचं, वैनी. म्या ऐकलं."

आई रडली नाही. तिनं आप्पांच्या कपाळावरचे केस सारखे केले आणि म्हणाली, "घरी चला."

टेम्पोत आप्पांना आडवं ठेवून आम्ही पुलावर आलो. चुन्याच्या दगडापाशी खिलारे उभे होते. त्यांच्यासोबत आणखी पोलीस होते, ओळखीचं कुणी नव्हतं. पलीकडं आमच्या टोकाला गाव जमलं होतं. बाजाराचा दिवस होता. त्या वर्षात गाव एकमेकांशी कमी बोलायला शिकलं होतं. अ कोण आणि ब कोण, हे प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडावर दिसायचं.

"ताई, थांबा," खिलारे म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते. "आदेश हाय."

"खिलारे, आप्पा गेलेत."

"मला म्हाइत हाय. आदेश अजून तसाच हाय, ताई. साहेब येत्यात."

साहेब आले. तोच पांढरा शर्ट. त्यांनी टेम्पोत डोकावून बघितलं नाही.

"आपल्या दुःखात प्रशासन सहभागी आहे," ते म्हणाले. "परंतु हद्दपारीची मुदत अद्याप संपलेली नाही. व्यक्ती मयत झाल्यानं आदेश आपोआप रद्द होतो, अशी तरतूद माझ्यासमोर नाही. त्यातून आज बाजार. अंत्ययात्रेचं निमित्त होऊन कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवू शकतो. अंत्यविधी आपण पलीकडे उरकून घ्या. सरपणाची व्यवस्था आम्ही करतो."

"सरपण आहे आमच्याकडं," मी म्हणाले. "आम्हाला वाट द्या. तात्पुरती परवानगी असते ना? मी अर्ज लिहून देते. आत्ता, इथंच."

"तात्पुरत्या प्रवेशाचा अर्ज हद्दपार इसमानं स्वतः करायचा असतो."

खिलाऱ्यांनी मान खाली घातली. एका पोलिसानं खोकल्यासारखं केलं. आपण काय बोललो हे साहेबांनाही क्षणभर ऐकू आलं असावं. त्यांनी घड्याळाचा पट्टा सारखा केला. पण बोललेलं परत घेतलं नाही.

"आणखी काही म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

मी इतकी पुस्तकं वाचली होती. एक शब्द सापडला नाही.

"वळव गाडी," आई जगूकाकांना म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या गर्दीतून कुणीतरी पुढं आलं. पोलिसांच्या काठ्यांखालून वाकून, डोक्यावरचा पदर सावरत, हातात पाण्यानं भरलेला तांब्या आणि तुळशीची डहाळी घेऊन रखमाकाकू धावत दगडापर्यंत आल्या. सगळ्या गावातून पूल चढून आलेलं तेवढं एकच माणूस.

"अनसूये," त्या म्हणाल्या. "भावजींच्या तोंडात पानी..."

"तू न्हाई," आई म्हणाली. "तू तितंच थांब."

रखमाकाकू थांबल्या. आईनं बोट केलं होतं बरोबर त्या चुन्याच्या दगडापाशी. आम्ही टेम्पो वळवला. नदीच्या पलीकडच्या वाळूत सरण रचलं, जगूकाकांनी अग्नी दिला, सगळं उरकलं. तोवर पुलावर दगडापाशी हातात तांब्या घेऊन त्या उभ्या होत्या. परत जाताना मी बघितलं. दगडावर पाणी सांडलेलं होतं.

आयुक्तांसमोरच्या तारखेला आमचा वकील हजर होता. त्यानं सांगितलं, अर्जदार वारला. कागदावर शेरा पडला: अर्जदार गैरहजर, अपील निकाली. गायरानाला तारेचं कुंपण पडलं. गोदामं झाली नाहीत. कुंपण आहे, आत बाभळी आहेत. गोदाक्काच्या शेळ्या विकल्या गेल्या. माझं लग्न झालं, मी पिसाळची शेडगे झाले आणि गावच्याच वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. जप्त केलेले कर्णे कधी परत आले नाहीत.

आई रखमाकाकूंशी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. लागून घर, एकच भिंत. पलीकडं त्या खोकल्या तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा रखमाकाकू दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. कुणी अडवलं नव्हतं. वय झालं होतं, कान गेले होते. मी "आत या" म्हटलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. त्या तिथूनच हात जोडून गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी वाचनालयाच्या अध्यक्षांनी, बापूसाहेब मोहित्यांनी, मला बोलावून सांगितलं. "आपल्याकडं एकेकाळी प्रांत होते, वाघोलीकर साहेब. मोठ्या पदावरून निवृत्त झाले. आत्मचरित्र लिहिलंय. प्रकाशन आपल्या सभागृहात करू म्हणतात. आभार तुम्ही मानायचे, शेडगेबाई. मोजकं बोलता तुम्ही."

बापूसाहेब बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

पुस्तक मी आधी वाचलं. आमच्या गावाला त्यात दीड पान होतं. 'एका समाजकंटकाला जिल्ह्याबाहेर काढल्यामुळे गायरानाचा प्रश्न शांततेत सुटला. गावातल्याच दोन निर्भय नागरिकांनी जीव धोक्यात घालून गुप्त साक्ष दिली, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.' नाव दिलं नव्हतं. समाजकंटकाचंही नाही.

कार्यक्रमाआधी माझ्या खोलीत चहा होता. साहेब पंचाहत्तरीचे, पण ताठ. आवाज अजून तसाच, न चढणारा. त्यांनी पुस्तकांची कपाटं बघितली, कौतुक केलं. मी त्यांच्यापुढं बशी ठेवली.

"साहेब, पुस्तक वाचलं मी. गायरानाचा भाग."

"हो का? आवडला?"

"त्या दोन साक्षीदारांबद्दल आणखी लिहायला हवं होतं तुम्ही. एवढी धाडसी माणसं आमच्याच गावातली. आता इतकी वर्षं झाली. कोण होती?"

साहेब हसले. मोकळं, खरं हसले. बापूसाहेबांकडं वळून म्हणाले, "बघा, वाचकांना काय काय प्रश्न पडतात." मग मला म्हणाले, "अहो बाई, कसले साक्षीदार. कोण येतंय प्रांताकडे जबाब द्यायला? तो मसुदा ठरलेला असायचा. घराला लागून राहतो, रात्री-अपरात्री, दारूच्या नशेत. नाव तेवढं बदलायचं. गुप्त म्हटलं की पुढं कुणाला काही विचारता येत नाही. कायद्यातच सोय आहे. पुस्तकात थोडा रंग भरावा लागतो."

बापूसाहेबही हसले. "म्हणजे अ आणि ब सगळीकडं तेच!"

"सगळ्या जिल्ह्यात तेच," साहेब म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

मी माझा कप उचलला. तो खाली ठेवला. आमच्या स्वयंपाकघराची भिंत माझ्या डोळ्यापुढं आली. तिच्या माथ्यावर अजून एक गोल डाग आहे, वाट्या ठेवून ठेवून पडलेला.

सभागृह भरलं होतं. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, दोन भाषणं झाली. साहेब बोलले. प्रशासनातली माणुसकी हा त्यांचा विषय होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, रखमाकाकू बसल्या होत्या. त्या वाचनालयाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात. घरात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, इथं माईकमुळं थोडं पोचतं, असं त्यांची सून सांगते.

"आता आभारप्रदर्शन," निवेदक म्हणाला.

मी माईकपाशी गेले. माझ्या हातात लिहून आणलेला कागद होता. तो मी घडी करून पुस्तकात ठेवला.

"प्रमुख पाहुण्यांचे आभार मानते," मी म्हणाले. "आज चहा पिताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या पुस्तकात नाही, म्हणून मी इथं सांगते. या गावातून तडीपार केलेल्या माणसाविरुद्ध साक्ष कुणीच दिली नव्हती. अ नव्हता. ब नव्हता. ती वाक्यं कचेरीत तयार असायची. नाव तेवढं बदलायचं. बापूसाहेब तिथं होते, त्यांनीही ऐकलंय."

सभागृहात कुणाची तरी खुर्ची सरकली. वाघोलीकर साहेब बापूसाहेबांच्या कानाशी वाकले. बापूसाहेबांनी कोपऱ्यातल्या साऊंडवाल्याकडं बघून हात आडवा हलवला. तो त्यांच्याकडं बघायचा, मग माझ्याकडं. त्याचं बोट बटणावर होतं. तो काय करतोय हे बघायला मी थांबले नाही.

"त्या माणसाचं नाव निवृत्ती पिसाळ. मी त्यांची मुलगी. एका बाईला बोलू दिलं, एवढ्यासाठी साहेब, तुम्ही त्यांना नदीपलीकडं टाकलंत. या पुलावरून दवाखान्यात यायला ते भ्याले, म्हणून मेले. मेल्यावर तुम्ही त्यांच्याकडं अर्ज मागितलात. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, आणखी काही म्हणायचंय का. हो, म्हणायचंय. तुम्ही माझ्या बापाला मारलंत. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून या अख्ख्या गावाला एकमेकांच्या तोंडाकडं संशयानं बघायला लावलंत. माझी आई त्या संशयात मेली."

साहेब उठून उभे राहिले होते. मी त्यांच्याकडं बघत नव्हते. शेवटच्या रांगेत रखमाकाकू मान तिरकी करून, कानाशी तळवा धरून बसल्या होत्या. मी माईक स्टँडवरून काढला आणि पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मधून चालायला लागले, वायर पुरेल तिथपर्यंत.

"रखमाकाकू, ते तुम्ही नव्हता. कुणीच नव्हतं. तांब्यातलं पाणी आप्पांना पोचायला हवं होतं. काकू, मागं ऐकू येतंय का?"